फाटलेलं पुस्तक खर्ची टाका

आमच्या घरी वाघाचं एक पुस्तक आहे. त्यातल्या वाघाला सातव्या पानावर शेपूट नाही. आधी होतं. धाकट्यानं दीड वर्षाचा असताना ते खाल्लं. म्हणजे अक्षरशः तोंडात घालून, चावून, निम्मं गिळून. मी बोट घालून काढेपर्यंत उरलेल्याचा लगदा झाला होता. थोरली तेव्हा पहिलीत होती आणि पुस्तक तिचं होतं. ती आधी भोकाड पसरून रडली, मग दोन दिवसांनी तिनंच तोडगा काढला. सातवं पान आलं की ती म्हणायची, "इथे वाघानं शेपूट धुऊन वाळत घातलंय." आता धाकटा साडेतीन वर्षांचा आहे. मी कधी घाईत ते वाक्य गाळलं तर तो पान दाबून धरतो. वाळत घातलेल्या शेपटीशिवाय ती गोष्ट त्याच्या लेखी पूर्ण होत नाही. त्याच पानावर खाली वरणाचा पिवळा डाग आहे आणि कडेला पोळीच्या तुपाचं बोट. छापील किंमत चाळीस रुपये.

मी पतसंस्थेत हिशेब लिहिते. आमच्याकडे खुर्ची, पंखा, प्रिंटर, नोटा मोजायचं मशीन, सगळ्यावर दरवर्षी घसारा धरतात. वस्तू वापरली की झिजणार, झिजली की तिची किंमत कमी होणार, आणि एक दिवस ती भंगारात जाणार, हे आम्ही पहिल्या वर्षीच मान्य केलेलं असतं. खुर्चीचा पाय मोडला म्हणून कुणी कारकुनाच्या पगारातून पैसे कापत नाही. गेल्या वर्षी मुलीच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मला घेतलं (हिशेब येतो म्हणून घेतलं, बाकी काही गुण बघून नव्हे) आणि मी पहिल्यांदा शाळेच्या ग्रंथालयाची नोंदवही उघडली. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आठ रुपयांना घेतलेलं पुस्तक तिथे आजही आठ रुपयांचंच आहे आणि शेऱ्यात "सुस्थितीत" लिहिलंय. ते सुस्थितीत आहे यात शंकाच नाही. ते कुणी उघडलेलंच नाही.

आमची शाळा काही जगावेगळी नाही. ओळखीतल्या चार-पाच शाळांमध्ये हेच आहे. एक लोखंडी कपाट, त्याला कुलूप, किल्ली बाईंच्या पर्समध्ये. कपाटाच्या काचेतून पुस्तकांचे कणे दिसतात. मुलं काचेला नाक लावून बघतात. बाईंना विचारलं तर त्या खरं तेच सांगतात: पुस्तकं जडसंग्रहात, म्हणजे शाळेच्या कायमच्या सामानाच्या नोंदीत आहेत, बदली झाली की चार्ज देताना एकेक मोजून द्यावं लागतं, आणि कमी भरलं तर विचारणा त्यांनाच होते. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या गावातल्या एका गुरुजींनी अकरा पुस्तकांचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले. ही बातमी आसपासच्या शाळांच्या केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांना ठाऊक आहे. त्यानंतर कोण शहाणा किल्ली मुलांच्या हातात देईल? बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. मी त्यांच्या जागी असते तर दोन कुलपं लावली असती.

आता त्याच कपाटापासून वीस पावलांवर शाळेची खिचडी शिजते. तिथला हिशेब बघा. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ७०० कॅलरी, २० ग्रॅम. धान्य वेगळं येतं, आणि डाळ-भाजी-तेल-तिखटासाठी २०२५च्या मे महिन्यापासून प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. मुलांना वाढायच्या आधी शिक्षकांनी चव घ्यायची, जमलं तर एखाद्या पालकानंही, आणि चव रजिस्टरमध्ये लिहायचं. मी एकदा लिहून आले आहे, "मीठ बेताचं, वाटाणा कच्चा." दुसऱ्या दिवशी वाटाणा शिजलेला होता. आणि मुख्य म्हणजे, खाल्लेली खिचडी कुणी परत मागत नाही. ताटात सांडली, शर्टावर पडली, कुणी अर्धी टाकली, तरी ती खर्ची पडलेली असते. खिचडी मुलाच्या पोटात जाण्यासाठी आहे आणि पोटात गेली की तिचं काम झालं, याबद्दल ऑडिटवाल्यांच्याही मनात संशय नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की लहान मुलाचं पुस्तकही याच खात्यात टाका. जडसंग्रहातून काढा आणि शिध्याच्या शेजारी ठेवा.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण अन्नाच्या बाबतीतही आपण इथवर एका दिवसात पोचलेलो नाही. मुलांना खाऊ घालणं हे आईबापाचं काम, सरकारचा त्यात काय संबंध, असं म्हणणारे भरपूर होते. अंगणवाड्यांची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ला, तीही आधी देशभरात ३३ ठिकाणी प्रयोग म्हणून. शाळेतल्या आहाराची केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ची. माझ्या पिढीला आठवत असेल, सुरुवातीला शाळेत काही शिजायचं नाही. हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचे. माझा धाकटा भाऊ ती पिशवी खांद्यावर टाकून असा ऐटीत यायचा, जणू शेतातून पोतं घेऊन आलाय. मग २००१च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की धान्य वाटून भागणार नाही, शाळेत शिजवून वाढा. त्यामागचं एक कारण कुठल्याही आईला पटेल असं होतं. तांदूळ घरी गेला की तो घरच्या डब्यात मिसळतो. त्यात आजोबा जेवतात, पाहुणा जेवतो, आणि ज्याच्या नावावर तो आला त्या पोराच्या वाट्याला मूठभर येतो.

पुस्तकाचं नेमकं उलट आहे, आणि ते लक्षात आल्यापासून मला ही गोष्ट गप्प बसू देत नाही. तांदूळ घरी गेला की वाटला जातो आणि कमी होतो. पुस्तक घरी गेलं की वाटलं जातं आणि कमी होत नाही. तिसरीतल्या मुलीच्या दप्तरातून आलेलं पुस्तक तिचा भाऊ बघतो, आजी चष्मा शोधून त्यातली चित्रं न्याहाळते, बाप जेवता जेवता दोन पानं उलटतो. म्हणजे खिचडी शाळेत वाढायची आणि पुस्तक घरी पाठवायचं, हा धोरणाचा सरळ हिशेब झाला. आपण काय करतो? खिचडी शाळेत वाढतो, ते बरोबरच. आणि पुस्तकही शाळेतच ठेवतो, कपाटात.

घरी गेलेल्या पुस्तकाचं काय होतं ते मी रोज बघते. संध्याकाळी सातच्या सुमाराला मी कुकर लावते. तेव्हा धाकटा पायात घुटमळत असतो, त्याला भूकही असते आणि झोपही, आणि त्या दोन्हींचा मिळून जो काही राग होतो तोही. थोरलीला मी कधी "त्याला वाचून दाखव" असं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं केलं नसतं. तिला फक्त ओट्याखालच्या त्या गोंधळापासून सुटका हवी होती. ती त्याला ओढत नेऊन चटईवर बसवायची आणि हाताला लागेल ते पुस्तक उघडायची. पहिलीत असताना तिचं वाचन म्हणजे अडखळत केलेली अक्षरजुळणी. "मां-ज-र... मांजर." वर्गात असं वाचलं की कुणीतरी हसतं. धाकटा हसत नव्हता. त्याच्या दृष्टीनं ताई जगातली सगळ्यात मोठी वाचक होती, कारण त्याला दुसरी कुणी माहीतच नव्हती. एकच गोष्ट तिनं त्याला चाळीस-पन्नास वेळा वाचून दाखवली असेल. कुठल्या बाईंनी, कुठल्या शिकवणीनं तिच्याकडून एक धडा पन्नास वेळा वाचून घेतला असता? दुसरीच्या दिवाळीपर्यंत ती न अडखळता वाचायला लागली, आणि त्याचं श्रेय मला तरी त्या ओट्याखालच्या किरकिऱ्या माणसाला द्यावंसं वाटतं.

त्याचा फायदा वेगळाच झाला. त्याला वाचता येत नाही, पण पुस्तकात एक ठरलेला क्रम असतो आणि तो कुणाच्या मर्जीनं बदलत नाही, हे त्याला कळलं. ताईनं कंटाळून दोन पानं एकदम उलटली की तो ओरडतो, "आधी मांजर येतं!" पुस्तक उलटं धरलं की तो सुलटं करतो. अंगणवाडीत अजून त्याला यातलं काही कुणी शिकवलेलं नाही.

अंगणवाडीचा विषय निघालाच आहे तर. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तिथे रोज किती कॅलरी आणि किती प्रथिनं द्यायची, तेही वर्षातले ३०० दिवस, याचं गणित आहे. ते पाळण्यासाठी आमच्या सेविकाताई जिवाचं रान करतात. पूर्वप्राथमिक शिक्षण हा पहिल्या दिवसापासून योजनेचाच भाग आहे. राज्यानं 'आकार' अभ्यासक्रम आणला, केंद्रानं २०२३ साली 'पोषण भी, पढाई भी' म्हणून मोहीम काढली. नावात पढाई आली, छान झालं. आमच्या अंगणवाडीत चित्रांची बारा पुस्तकं आली होती. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत, आणि पेटीवर वजनकाटा. सुपरवायझर मॅडम आल्या की दाखवायला बाहेर काढतात. ताई म्हणाल्या, "फाडतात हो पोरं." फाडतातच. तीन वर्षांचं मूल फाडणार नाही तर काय अनुक्रमणिका बघणार?

अंगणवाडी हा शब्दच जिथून आला तिकडे जरा बघावं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीला आणि १९५७ नंतर डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला बालशिक्षणाचं जे काम केलं, त्यात त्यांच्या लक्षात आलं की मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडीनं मुलांच्या अंगणात जावं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळेनं कुरणात जावं. आणि मोठी बहीण शाळेत येत नाही कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड आहे. यावर ताराबाईंनी तिला "भावाला घरी ठेवून ये" असं सांगितलं नाही. विकासवाडी या आपल्या प्रयोगात त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. कडेवरच्या भावाला अडचण समजण्याऐवजी त्यालाही पटावर घेतलं. भावंडं ही एक जोडी असते आणि शिक्षणाची आखणी त्या जोडीला धरून करता येते, हे या मातीतल्या दोन बायकांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी करून दाखवलंय. आपण मात्र अजून एक मूल, एक पट क्रमांक, एक पाठ्यपुस्तक असाच हिशेब करतो. घरी कोण आहे ते रकान्यात बसत नाही.

खाणं आणि गोष्ट यांची फारकतही अशीच कधीतरी झाली असावी. आपल्याकडे मूल जेवायला लागलं की पहिल्या घासाबरोबर गोष्ट यायची. एक घास काऊचा, एक घास चिऊचा. चांदोबा भागला, निंबोणीच्या झाडामागे लपला, आणि तुपात माशी पडल्यामुळे उपाशी राहिला. भोपळ्यातली म्हातारी लेकीकडे तूपरोटी खाऊन जाडजूड होते आणि त्या खाण्याच्याच आमिषावर वाघोबाला गुंडाळते. गुरगुट्या भात, त्यावर तूप, आणि हे सगळं. भरवणारीच्या हातात वाटी होती आणि तोंडात गोष्ट. आज वाटी माझ्या हातात आहे आणि गोष्ट मोबाइलच्या. मी काही आदर्श आई वगैरे नाही. मार्चअखेरीला रात्री आठ वाजता घरी आले की मीही मोबाइल तांब्याला टेकवून ठेवते आणि मेतकूट-भात मुकाट्यानं भरवते. यावर मला व्याख्यानं नकोत. मला फक्त एक दिसतं: मोबाइल हाताच्या अंतरावर आहे, उघडा आहे, त्याला वरणाचं बोट लागलं तर मी पदरानं पुसते. पुस्तक कपाटात आहे आणि त्याला बोट लागलं तर दंड आहे. मग मुलानं कुणाकडे वळावं? मोबाइलवर ताशेरे ओढणं सोपं आहे. बिनपैशाचं आहे, म्हणून सगळे ओढतात.

यात आपल्या घरातल्या भाविकपणाचाही हात आहे, हे मी दबक्या आवाजात लिहिते कारण सासूबाई हे वाचतील. पुस्तकाला पाय लागला की नमस्कार. जेवताना पुस्तक नको, उष्टा हात लागेल. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पुस्तकांवर फुलं. मला ती पूजा आवडते, मुलंही उत्साहानं करतात. पण ज्या वस्तूला उष्टा हात चालत नाही ती वस्तू लहान मुलाची होऊच शकत नाही, कारण त्याचा हात दिवसभर उष्टाच असतो. विळीला पाय लागला तर आपण नमस्कार करतो आणि लगेच तिच्यावर कोथिंबीर चिरायलाही बसतो. पुस्तकाच्या बाबतीत दुसरा भाग राहून जातो.

आता गावातलं वाचनालय. महाराष्ट्राला वाचनालयांचा इतिहास थोडाथोडका नाही. रत्नागिरीचं १८२८चं, नाशिकचं १८४०चं, कोल्हापूरचं १८५०चं. १९६७ साली राज्यानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, आणि आज अकरा-बारा हजार ग्रंथालयं अ, ब, क, ड वर्गांत अनुदानावर आहेत. इतकं जाळं फार थोड्या राज्यांकडे असेल. आमच्या वाचनालयात मी कॉलेजात असल्यापासून जाते. धाकट्याला पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा दारातच थांबवलं. लहान मुलं आत नकोत, शांतता भंग होते. आत तीन आजोबा पेपर वाचत होते, त्यातले दोघे पेपराआड झोपले होते. शांतता कुणाची होती ते मला नीट कळलं नाही. थोरलीला आत सोडलं, पण बालविभाग म्हणजे एक कपाट, वरचे दोन कप्पे तिच्या हाताला न पोचणारे, आणि खाली थोरांची चरित्रं. तिनं "चित्रं असलेलं द्या" म्हटलं तर "अगं, आता मोठी झालीस तू" असं उत्तर मिळालं. ती आठ वर्षांची आहे.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पहिला नियम अगदी साधा: पुस्तकं वापरासाठी असतात. इतकं उघड वाक्य नियम म्हणून लिहावं लागलं, कारण युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांत पुस्तकं साखळीनं फळीला बांधलेली असत आणि रंगनाथनांच्या काळातही ती मनोवृत्ती सुटलेली नव्हती. त्यांच्या जन्मदिवशी, १२ ऑगस्टला, आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. शाळेत त्या दिवशी कपाट उघडतं, मुलांच्या हाती पुस्तकं देऊन फोटो काढला जातो, फोटो ग्रुपवर जातो, आणि चारच्या आत पुस्तकं मोजून परत. थोरली मला म्हणाली, "आई, मला आठव्या पानापर्यंतच मिळालं." ती गोष्ट पुढे काय झाली हे तिला कळायला पुढचा १५ ऑक्टोबर यावा लागेल.

पैशाचं बोलायला हवं, नाहीतर हे सगळं बायकी हळवेपण ठरेल. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं असं म्हटलंय आणि त्यात गोष्टीची पुस्तकं हवीत असं स्पष्ट लिहिलंय. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ग्रंथालयासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपये अशी तरतूद आहे. आमच्या शाळेचा पट ६०. म्हणजे मुलामागे वर्षाला ८३ रुपये, शाळेचे २२० दिवस धरले तर दिवसाला ३८ पैसे. एका बाजूला ६ रुपये ७८ पैसे, दुसरीकडे ३८ पैसे. मी पुस्तकासाठी पावणेसात रुपये मागत नाही. ३८ पैशांत पन्नास रुपयांची शंभर पुस्तकं दरवर्षी येतात. एवढी पुरेत. फक्त ती वर्षाअखेरीला निम्मी फाटलेली असली पाहिजेत. शंभर पुस्तकं घेतली आणि मार्चमध्ये शंभरच्या शंभर कोरी निघाली, तर माझ्या मते तो पैसा वाया गेला, आणि ऑडिटनं आक्षेप घ्यायचा तर तो तिथे घ्यावा.

कुणी म्हणेल, आधी अंडं द्या, मग पुस्तकाचं बघू. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. २०२३च्या नोव्हेंबरात राज्यानं आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. मुलं बुधवारची वाट बघायची. २०२५च्या जानेवारीत त्यासाठीचा वेगळा निधी थांबला आणि शाळांना लोकसहभागातून बघा म्हणून सांगण्यात आलं. समितीत आम्ही तेव्हा चांगलेच भांडलो. अंडं आलंच पाहिजे. पण अंडं आणि पुस्तक एकमेकांच्या वाटेत कधी आले? पुस्तकं तर आधीच घेतलेली आहेत. पैसे भरून झालेत. मी नवा पैसा मागतच नाही, किल्ली मागते आहे.

आणि किल्लीबरोबर चव रजिस्टरही. खिचडीची चव बघायला तीन माणसं, पण पुस्तकांची चव कोण बघतं? संच वरून येतात. गेल्या वेळच्या संचात 'पर्यावरण रक्षण : काळाची गरज' छापाची आठ पुस्तकं होती. मी घरी आणून वाचायला घेतली, दुसऱ्या पानावर माझेच डोळे मिटले. पंचवीस वर्षांपूर्वी मला आणि माझ्या भावाला लोकवाङ्मय गृह या प्रकाशनाच्या गाडीवरून घेतलेली जुनी रशियन पुस्तकं मिळाली होती. सोव्हिएत युनियन तोवर इतिहासजमा झालं होतं, पण जाड पुठ्ठा, मोठी चित्रं आणि दोन-चार रुपये किंमत तशीच होती. त्यातल्या मुलांची नावं आम्हाला धड उच्चारता यायची नाहीत, त्यांची काळी पाव-रोटी आणि लापशी कशी लागते हे आम्हाला कधी कळलं नाही, तरी आम्ही ती पुस्तकं अंथरुणात घेऊन झोपायचो. त्यात उपदेश नव्हता असं नाही, पण आधी गोष्ट होती. मराठीतही आता उत्तम चित्रपुस्तकं निघतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१पासून निघतंय. माल नाही अशी ओरड करायला जागा नाही. खरेदीआधी दोन मुलांना पुस्तक हातात द्या, एक आठ वर्षांचं आणि एक चारचं, आणि दहा मिनिटांनी बघा ते कुठे आहे. जमिनीवर पडलेलं असेल तर घेऊ नका. धाकट्यानं तोंडात घातलं असेल तर दहा प्रती घ्या.

तर समितीच्या जुलैच्या बैठकीत मी लेखी अर्ज दिला. प्रत्येक मुलाला दर शनिवारी दोन पुस्तकं घरी द्यावीत, एक स्वतःसाठी, एक घरच्या धाकट्यासाठी. धाकटं नसेल त्यानं शेजारचं पकडावं. दरवर्षी शंभरात तीस पुस्तकं फाटणार, हरवणार असं आधीच धरावं, समितीनं ठराव करून ती निर्लेखित करावीत, म्हणजे नोंदवहीतून काढून टाकावीत, आणि शिक्षकांकडून वसुली होऊ नये. बाईंनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाल्या, "ठरावावर सगळ्यांच्या सह्या घ्या, मग मी किल्ली देते." सरपंचांच्या भावजयीनं विचारलं, "फाटायला पुस्तकं द्यायची?" मी म्हटलं, "फाटेपर्यंत वापरायला द्यायची." सह्या व्हायला दोन बैठका गेल्या.

पहिल्या शनिवारी ४६ पुस्तकं बाहेर गेली. पुढच्या शनिवारी ४३ परत आली. एक हरवलं, एकावर दूध सांडून पानं चिकटली. तिसऱ्याचं काय झालं ते ज्याचं होतं तो दुसरीतला मुलगा सांगायलाच तयार नव्हता. शेवटी त्याच्या पाच वर्षांच्या बहिणीला बोलावलं. तिनं शांतपणे सांगितलं की ती गोठ्याजवळ बसून शेळीला चित्रं दाखवत होती.

बाईंनी नोंदवहीत त्या पुस्तकापुढे शेरा लिहिलाय, "शेळीने खाल्ले." खाली तारीख आणि सही. मार्चमध्ये ऑडिट आहे.